आजी-आबाजी आणि पोट्टे एकत्र बसवायचे असतील तर मधात काहीतरी काम ठेवा

ताई, तुम्ही लिहिलं की गावात साठीच्या वरची सत्तरऐंशी माणसं आहेत, शाळेत सातवीपर्यंत 110 पोरं, 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून कार्यक्रम घेतला, चाळीसेक म्हातारी माणसं आली, शाल-नारळ झालं, पोरींनी स्वागतगीत म्हटलं, चहा झाला. पुढच्या आठवड्यात 'गोष्टींचा तास' ठेवला तर तिघंच आले आणि त्यातले एक आबाजी तर राशनचं दुकान उघडलं का म्हणून विचारायला आले होते. आता तुम्ही विचारता की चुकलं कुठं, नेहमीसाठी काही चालवायचं तर कसं, नववी-दहावीचे पोट्टे कसे आणायचे आणि खर्च किती येईल.

मी हे काम यवतमाळ जिल्ह्यात, जास्त करून घाटंजी-आर्णीकडच्या गावांत, सोळा-सतरा वर्षांपासून करून राहिलो, म्हणून जरा लांबलचक सांगतो, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, तुमचं काही जगावेगळं चुकलं नाही. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. शाली वर्ध्याहून आणल्या होत्या, बॅनर केला होता, माइक होता. एका आबाजीनं शाल घेतली, नीट घडी केली, पिशवीत टाकली आणि मला विचारलं, "झालं का? मंग जाऊ का आता?" मी म्हटलं बसा ना, पोरांशी बोला. तर ते म्हणे, "काय बोलू बापा? त्याईले काय पायजे माह्याकडून?"

त्या वेळी हसण्यावारी नेलं, पण नंतर दोन-तीन वर्षं ठेचा खाल्ल्यावर समजलं की सगळा मुद्दा तोच होता. सत्कारात म्हाताऱ्या माणसाला काही करायचं नसते, फक्त बसायचं असते. पोरांनाही काही करायचं नसते, फक्त टाळ्या वाजवायच्या असतात. दोघं समोरासमोर बसले म्हणून ओळख होत नाही, एसटीत तीन तास बाजूला बसलेल्या माणसाचं नाव तरी आपल्याला कुठं माहीत असते.

आणि 'गोष्टी सांगा' हे तर त्याहून अवघड. ज्या माणसाला घरी दहा वर्षांत कोणी काही विचारलं नाही, त्याला आपण एकदम साठ पोरांसमोर उभं करून म्हणतो सांगा काहीतरी. तो गप्पच होणार. आणि नाही झाला गप्प तर मग दुसरंच होते, 'आमच्या काळी असं नव्हतं' इथून गाडी सुरू होते ते आताचे पोट्टे मोबाईल, आताचे पोट्टे आळशी, आताच्या सुना, आणि अर्ध्या तासानं पोरं पाण्याच्या नावानं एकेक करून पसार. 'तुमच्या काळी कसं होतं' हा प्रश्न विचारूच नका, मी आमच्या कार्यकर्त्यांना त्याच्यावर सरळ बंदी घातली आहे.

त्यापेक्षा मधात एक काम ठेवा. असं काम जे एकट्या म्हाताऱ्याला जमत नाही आणि एकट्या पोरालाही जमत नाही. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच लिहून ठेवलं की दोन गटांतला दुरावा नुसतं जवळ आणल्यानं जात नाही, दोघांचा दर्जा त्या जागेपुरता सारखा पाहिजे, उद्देश एक पाहिजे, एकमेकांच्या मदतीशिवाय काम अडलं पाहिजे आणि वरच्यांचा, म्हणजे आपल्याकडं शाळेचा-ग्रामपंचायतीचा, पाठिंबा पाहिजे. त्यानं ते गोऱ्या-काळ्यांच्या संदर्भात लिहिलं, पण म्हातारे-पोरांनाही तसंच्या तसं लागू होते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावावर मोठा अहवाल काढला, त्यातही तीनच उपाय सांगितले, कायदे-धोरणं, शिक्षण आणि पिढ्यापिढ्यांचा एकमेकांशी संबंध. तुमच्या बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना) किंवा शाळांच्या केंद्रप्रमुखांना पटवायचं असेल तर हे दोन संदर्भ कामात येतात, म्हणून सांगितले.

आता काम म्हणजे कोणतं, इथं जरा सविस्तर सांगतो कारण सगळी मेख यातच आहे.

आमच्या भागातलं एक जंगलाला लागून असलेलं गाव आहे. तिथं सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाच्या मिळून हक्काचा, दावा करायचा होता. 2006 चा वनहक्क कायदा आणि त्याचे 2008 चे नियम, त्यातल्या तेराव्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे त्यात चक्क गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन हाही पुरावा धरला आहे (दावा करणारा सोडून दुसरे वडीलधारे पाहिजेत, हे ध्यानात ठेवा). आणि जे आदिवासी नाहीत त्यांना तर 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं तिथं राहत असल्याचं दाखवावं लागते. आता 75 वर्षांपूर्वीचं कोण सांगणार? म्हातारेच. आणि लिहिणार कोण? त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नाही. मग आठवी-नववीची अकरा पोरं-पोरी घेतली आणि पाच म्हातारी माणसं, आणि चार रविवार जंगलात फिरलो. गोंड आबाजी पुढं, पोट्टे मागं. कोणता झरा मे महिन्यातही आटत नाही, मोहफुलं कोणत्या पट्ट्यात वेचायचे, तेंदूची हद्द कुठपर्यंत, गुरं कुठून जायची, कोणत्या दगडाला शेंदूर कोणाच्या आज्यानं लावला, असं एकेक ठिकाण. पोरं वहीत लिहीत होती, मोबाईलवर जीपीएसचा बिंदू घेत होती.

एका जागी जोरदार भांडण झालं. आबाजी म्हणे नाला इथून वाहते, पोट्टा म्हणे नकाशात तिकडून आहे. दोघंही मागं हटायला तयार नाहीत. शेवटी दुसऱ्या एका आजीनं सांगितलं की वरचा तलाव बांधला तेव्हा नाला सरकला, आधी इथूनच होता. म्हणजे दोघंही बरोबर. त्या दिवसापासून तो पोट्टा त्या आबाजीच्या घरी जायला लागला, काही काम नसताना. दाव्याचं पुढं काय झालं ते वेगळं रामायण आहे, ते इथं नको. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, ते तुम्हाला माहीतच असेल, पण कागदापेक्षा मला इथं हे सांगायचं की त्या चार रविवारांत कोणालाही 'म्हाताऱ्यांचा आदर करा' असं सांगावं लागलं नाही. पोरांना त्यांची गरज होती, बस.

तुमच्याकडं जंगल नसेल तर विहिरी घ्या. गावात किती विहिरी, कोणी खोदल्या, पाणी कितीवर लागलं, कोणती बुजवली आणि आता त्याच्यावर कोणाचं घर आहे (हे विचारताना जरा सांभाळून). एका गावात आम्हाला 23 विहिरी सापडल्या, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात निम्म्याही नव्हत्या.

दुसरं काम गणिताचं. हे मला फार आवडते. सत्तर-पंचाहत्तरच्या वरचा, जुनी दुसरी-तिसरी शिकलेला माणूस शोधा, त्याला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे येत असतात. औट म्हणजे साडेतीन. दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा, असं तो धडाधडा म्हणतो आणि सातवीचं पोरगं कागदावर गुणाकार करून तपासते, तोपर्यंत आबाजी पुढं निघून गेलेले असतात. आमच्या एका शाळेत एक आबाजी स्वतःला 'मी तं चौथी नापास' म्हणून मागं बसायचे, त्यांना फळ्याजवळ आणलं तर गुरुजींनाच घाम फुटला. नंतर ते दर शुक्रवारी यायला लागले, धोतर धुतलेलं, टोपी कडक.

त्यातूनच सातबारा आला. म्हाताऱ्याला वावर माहीत असते, धुरा न् धुरा (बांध न् बांध) माहीत असतो, पण कागद वाचता येत नाही. पोराला कागद वाचता येतो पण हेक्टर-आर म्हणजे डोळ्यासमोर काही येत नाही. आबाजी म्हणतात अडीच एकर, कागद म्हणतो 1.01 हेक्टर, आता जुळवा. एकराचे गुंठे 40, हेक्टरचे आर 100, पोरं डोकं खाजवतात, मग पावलांनी मोजून पाहतात. फक्त एक सांगतो, घरचा खरा सातबारा आणू देऊ नका. आम्ही एकदा आणू दिला, आणि एका पोरानं भर वर्गात वाचलं तेव्हा आबाजीला समजलं की धाकट्याचं नाव लागलं आणि मोठ्याचं लागलंच नाही. त्या घरात महिनाभर चूल वेगळी पेटली. आता आम्ही नाव खोडलेला नमुन्याचा उतारा वापरतो.

बायांसाठी वेगळा विचार करा, नाहीतर तुमचा कार्यक्रम नकळत आबाजींचाच होऊन जातो. आजी लोक शाळेच्या खुर्चीवर बसून बोलत नाहीत, हात कामात असले तरच तोंड उघडते. फेब्रुवारी-मार्चपासून वाळवणाचा हंगाम सुरू होते, कुरोड्या, शेवया, पापड, सरगुंडे. सरगुंडे आता किती घरी होतात सांगा, काडीवर गुंडाळायचं ते नाजूक काम शहरातल्या पोरींनी पाहिलंही नसेल. आम्ही एका अंगणात चार आज्या आणि दहा पोरं (पोट्टेसुद्धा, मुद्दाम) बसवली. पहिल्या दिवशीचे सरगुंडे म्हणजे गांडूळ दिसत होते, आज्या पोट धरून हसल्या. त्या हसण्यातच सुरुवात झाली म्हणा ना. वाळवणाची राखण करायचं काम तसंही आपल्याकडं पोरांचंच.

आणि भुलाबाई, म्हणजे पोरींचा गाण्यांचा सण. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर, हे तर आयतं तयार आहे, फक्त बऱ्याच गावांत मोडीत निघालं. गाणी आज्यांना पाठ, पोरींना दोन कडव्यांच्या पुढं येत नाही. आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची, त्यात तर सगळ्या वयाचे सारखेच चुकतात. एका गावी तर आम्ही काहीच केलं नाही, फक्त रोज एका आजीच्या अंगणात भुलाबाई ठेवायची असं ठरवून दिलं, बाकी सगळं पोरींनी आणि आज्यांनी केलं. पोळ्याला म्हणायच्या यमकांचं, म्हणजे झडत्यांचंही तसंच, म्हाताऱ्यांना येतात, पोरांना तान्ह्या पोळ्याला (पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला) पाहिजे असतात. आठ दिवस आधी पारावर तालीम ठेवा. काही झडत्या जरा चावट असतात, त्या आबाजी लोक पोरांना बरोबर शेवटी शिकवतात, तुम्ही तेवढ्यापुरतं चहा आणायला जा.

आता वेळ. तुमचा तास आपटला त्याचं अर्धं कारण मला हेच वाटते. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन काढणी, त्याच्या मागोमाग कापसाची वेचणी. आपण शहरातल्यासारखं समजतो की म्हातारी माणसं रिकामी असतात. पासष्टची बाई निंदणाला जाते, वेचणीला जाते, किलोवर मजुरी असते, तिला तुमच्या तासासाठी दिवस पाडणं परवडत नाही. जे वावरात जात नाहीत ते नातवंडं सांभाळतात, शेळ्या पाहतात. आणि काही घरांत तर मायबाप दोघंही वीटभट्टीवर नाहीतर पुण्याकडं कामाला, आजी-आबाजीच पोरांना वाढवून राहिले, तिथं 'पिढ्या जोडा' म्हणणं म्हणजे चेष्टाच, त्यांना तर थोडा वेळ पोरं दुसऱ्या कोणी सांभाळलेली पाहिजेत. अशा आजीला तुमच्या बैठकीत मोकळं बसू द्या.

म्हणून संक्रांत होऊ द्या, वेचणी उतरू द्या, मग सुरू करा. फेब्रुवारी-मार्च सकाळी साडेनऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. एप्रिल-मे बंद, पारा 44-45 वर जाते तेव्हा कोणाला बोलावून जबाबदारी घेऊ नका, फार तर वाळवणाच्या वेळी सकाळी सात-आठ. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडते, पेरणी-डवरणीत पुन्हा दम खा, मग पोळा, भुलाबाई. वर्षभर दर आठवड्याला चालवायचा हट्ट सोडा, गावाचं वर्ष जसं आहे तसं चाला. पण जे महिने चालवाल त्यात खंड नको. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये साठीवरच्या माणसांना सरकारी प्राथमिक शाळांत नेऊन बसवण्याचा एक मोठा उपक्रम झाला, त्यात ते लोक आठवड्याला 15 तास शाळेत असायचे, वाचन शिकवायचे, लायब्ररी सांभाळायचे. टोकियोच्या एडोगावा भागात कोतोएन म्हणून जागा आहे, कित्येक वर्षांपासून वृद्धाश्रम आणि बालवाडी एकाच छताखाली, रोज भेट. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण वर्षातून एकदा शाल आणि दर आठवड्याला दीड तास यात किती फरक आहे ते समजायला हे पुरेसं आहे.

पगाराच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, दिवशी ठेवू नका हेही सांगतो. श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये जमा झाले की अर्धा गाव तालुक्याच्या बँकेत असते. आणि 2022 च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट झाल्यापासून तर काही आबाजी घरी सापडतच नाहीत, आधार कार्ड खिशात टाकून फिरून राहिले. चांगलंच आहे म्हणा.

ऐकू येण्याबद्दल कोणी बोलत नाही, पण मी पाहिलं की निम्मे कार्यक्रम इथं मरतात. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी होते, आणि लहान पोरांचा आवाज नेमका त्याच पट्टीतला. त्यामुळं आजीला मोठ्या माणसाचं ऐकू येते आणि नातीचं येत नाही, आणि नात म्हणते आजी माझ्याकडं लक्षच देत नाही. पोरांना एवढंच शिकवा, समोर बसायचं, तोंड दिसलं पाहिजे, सावकाश आणि जाड आवाजात बोलायचं, ओरडायचं नाही. टिनाच्या शेडखाली साठ पोरं घेऊन बसाल तर कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून एक म्हातारं माणूस आणि दोन, फार तर तीन पोरं असा गट, आणि गटागटांत अंतर. बसायला खुर्ची किंवा खाट, जमिनीवर सतरंजी टाकून म्हाताऱ्यांना बसवाल तर उठताना तुम्हीच उचलायला लागाल. आणि शाळेचा संडास उघडा ठेवा. बाया दीड तास का थांबत नाहीत याचं कारण कित्येकदा फक्त कुलूप असते.

उलट्या बाजूनं, म्हणजे पोरांनी शिकवायचं, तेही करा पण नंतर. आधी म्हाताऱ्यांनी काही द्यायला पाहिजे, मग घ्यायला त्यांना लाज वाटत नाही. आधीच मोबाईल शिकवायला बसवलं की ते पुन्हा 'अडाणी' होऊन बसतात. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गावी 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी लुगडी नेसून आज्या दप्तर घेऊन जातात, ते सगळ्यांनी पाहिलं असेल. सरकारचा उल्लास कार्यक्रम आहे, पंधराच्या वरच्या निरक्षरांसाठी, त्यात स्वयंसेवक शिकवतात, तुमच्या शाळेकडं त्याची नोंद असेलच, ती जोडून घेता येते.

पण एक नियम लोखंडी ठेवा, कोणत्याही पोरानं कोणाच्याही बँकेला, ओटीपीला, अंगठ्याला हात लावायचा नाही. फोन लावणं, नंबर साठवणं, व्हिडिओ कॉल, एसटीचं टाइमटेबल पाहणं, एवढं ठीक. एका गावी आमच्याच एका पोरानं चांगल्या मनानं आजीचं केवायसी करून दिलं, पुढच्या महिन्यात पैसे जमा झाले नाहीत, कारण काही भलतंच होतं, पण नाव त्या पोराचं खराब झालं आणि त्याची माय आमच्या दारात येऊन बसली. ज्येष्ठांसाठी 14567 हा हेल्पलाइन नंबर मात्र प्रत्येक आजी-आबाजीच्या फोनमध्ये पोरांकडून साठवून घ्या.

मोठ्या पोट्ट्यांचं विचारलं. तेरा ते सतरा, हे सगळ्यात कठीण. लहान पोरं कोणाच्याही मांडीवर बसतात, हे मात्र मिशी फुटली की म्हाताऱ्यांपासून दूर पळतात, आणि म्हातारेही यांच्यावर आधीच चिडलेले, गाडी जोरात चालवतात म्हणून. यांना बसवू नका, यांना अवजार द्या. रेकॉर्डिंग, फोटो, नकाशा, बॅटरी-लाइट. मुख्य म्हणजे जबाबदारी द्या की अमुक आबाजीला आणणं-पोचवणं तुझ्याकडं, गाडी हळू. आमच्या एका गावात पोट्ट्यांना क्रिकेटच्या टुर्नामेंटला स्कोअर लिहायला कोणी मिळत नव्हतं, सगळ्यांनाच खेळायचं. एक रिटायर पोस्टमन आबाजी होते, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी तीन वर्षं स्कोअरबुक सांभाळलं, वाइड-नोबॉलच्या भांडणात त्यांचं पुस्तक उघडलं की विषय संपला. हा काही आमचा 'उपक्रम' नव्हता, आम्ही फक्त पोट्ट्यांना त्यांचं घर दाखवलं. गडचिरोली-चंद्रपूरकडं असाल तर दंडारीत (तिकडच्या लोकनाट्यात) काम केलेले जुने लोक सापडतात, तिथं पोट्टे सांगायच्या आधी येतात.

जागेचं बोलतो आणि हे स्पष्टच बोलतो. मंदिराच्या सभामंडपात ठेवाल तर गावातली काही घरं येणार नाहीत, बौद्ध विहारात ठेवाल तर दुसरी काही येणार नाहीत, पाटलाच्या वाड्यावर ठेवाल तर येतील पण बोलणार नाहीत. शाळा सगळ्यांची असते, तिथून सुरुवात करा, नंतर अंगणं फिरती ठेवा आणि पहिल्या चारात एक अंगण पुऱ्यातलं, म्हणजे दलित वस्तीतलं, असलंच पाहिजे. पाणी कोण कोणाच्या हातचं पिते हे पोरं पाहत असतात, तोंडानं काही बोलत नाहीत. आमच्याकडं एकदा अशाच अंगणात एका आजीनं चहा नको म्हटलं, पोटाचं कारण दिलं. बाजूच्या पोरीनं तिचाही कप पिऊन टाकला आणि म्हणे "आजी, गोड झाला होता व." पुढच्या वेळी आजीनं घेतला. दर वेळी असं होते असं नाही, काही घरं आमच्या हातून कायमची सुटली.

सुरक्षेचं थोडक्यात पण यात ढिलाई नको. एकटं पोर आणि एकटं मोठं माणूस बंद खोलीत कधीच नाही, कितीही ओळखीचं असो. कायम उघड्यावर, कायम दोन जबाबदार मोठे हजर. आईवडिलांची सही. 1098 हा पोरांच्या मदतीचा नंबर भिंतीवर. पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा आहे, शाळेच्या गुरुजींना माहीत असतो, कार्यकर्त्यांनाही समजावून सांगा. आणि जो पिऊन आला तो त्या दिवशी बसणार नाही, मग तो सरपंचाचा बाप का असेना. आम्हाला हे एकदाच करावं लागलं, पुन्हा नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही पण दोन वर्षांत तुमच्यासमोर येईलच. यातली माणसं मरतात. पहिल्यांदा आमच्यासोबत झालं तेव्हा आम्ही पोरांना सांगायचंच टाळलं, शुक्रवारी आबाजी आले नाहीत, आम्ही म्हटलं गावाला गेले. पोरांना अर्थातच माहीत होतं, गावात काय लपते. तीन आठवडे कोणी काही बोललं नाही आणि गट हळूहळू फुटला. आता आम्ही सांगतो. ज्या पोरांचा तो गट असतो त्यांना घरी भेटायला नेतो, तेरवीच्या आधी, घरच्यांना विचारून. वहीत त्या माणसानं जे जे सांगितलं ते वाचून दाखवतो. औटकीवाले आबाजी गेले तेव्हा पोरांकडं त्यांच्या आवाजाचं सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, त्यांच्या लेकानं ते चार वेळा लावायला सांगितलं, त्याला म्हणे माहीतच नव्हतं बापाला एवढं येत होतं म्हणून. दोन पोरं त्या दिवशी खूप रडली, त्यांच्या घरच्यांनी मला बोल लावले की पोरांना कायले नेलं. मला अजूनही वाटते नेलं ते बरं केलं, पण तुमच्या गावात कसं घेतील ते तुम्हीच ओळखा.

सुरुवात किती लोकांनी करायची? सहा म्हातारी माणसं, निम्म्या बाया, आणि बारा पोरं. सत्तरऐंशी सगळे नकोत. त्या तिघांना आधी बोलवा जे तुमच्या तासाला आले होते, राशनवाले आबाजी धरून. घरी जाऊन बोलवा, दवंडी-व्हॉट्सॲपवर नाही, आणि बोलावताना 'कार्यक्रम आहे' म्हणू नका, 'पोरांना विहिरींची यादी करायची आहे, तुमच्याशिवाय अडलं' असं म्हणा, ते खरंच असलं पाहिजे.

खर्चाचं म्हणाल तर चहा-साखर, दोन जाड रजिस्टर, पेनं, एक-दोन खाटांची सुतळी आवळून घ्यायची असेल तर तेवढे पैसे, आणि कोणाचा चष्मा मोडला असेल तर तो आधी नीट करून द्या. माइक भाड्यानं आणू नका.